कोरी रेघ

"झोपलेत? म्हणजे काय, झोपलेत?"

डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बुवा साडेअकरा ते साडेबारा झोपतात," मी म्हणालो. "रोज."

ते हसले. हसताना त्यांचा एकच गाल हलला.

"सगळा तालुका सांगतो, वाकीच्या मठातले रखमाजीबुवा अडतीस वर्षं झोपलेले नाहीत. मी बावीस किलोमीटर गाडी हाकत आलो, न झोपणाऱ्या माणसाला भेटायला. आणि ते झोपलेत."

"उठतील. बसा."

ते बसले नाहीत.

डॉ. श्रीरंग डोईफोडे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचा विभाग बघतात. वय एक्केचाळीस, पण त्या दिवशी कुणी पन्नास म्हटलं असतं. गाडी कमानीतून आत आणताना तिचा डावा आरसा भिंतीला घासून तुटला होता. मी त्यांना ते दाखवलं.

"कधी?"

"आत्ता. येताना."

ते कमानीकडे बघत राहिले.

"आधीच तुटलेला असेल," म्हणाले.

आरशाच्या काचा कमानीखाली पडलेल्या होत्या.

आत चांगुणाबाई कुंभार वीणा गळ्यात घालून फेऱ्या मारत होत्या. अकरा ते एक त्यांचा पहारा. आमच्या मठात वीणा खाली ठेवत नाहीत. दिवस असो, रात्र असो, कुणाच्या तरी गळ्यात असते. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं बसायचं नाही आणि नामाशिवाय दुसरं बोलायचं नाही. दोन तास झाले की पुढचा माणूस येतो. त्याचा हात वीणेवर पडल्याशिवाय आधीच्यानं हात काढायचा नाही.

पहाऱ्याची नावं कमानीजवळच्या फळ्यावर असतात. ती लिहायचं काम माझ्याकडे आहे. एका दिवसाच्या बारा रेघा. ज्याला जमतं तो आदल्या दिवशी येऊन नाव सांगतो.

त्या दिवशी एक ते तीनची रेघ कोरी होती. तो पहारा दत्तू न्हाव्याचा, पण तो तापानं पडला होता. कोऱ्या रेघेवर उगाच कुणाचं नाव लिहायचं नाही असा इथला दंडक आहे. नवा होतो तेव्हा मी एकदा तिथं माझं नाव लिहिलं होतं. आधीचा पहाराही मीच केला होता. बुवांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि फडकं माझ्या खांद्यावर ठेवून निघून गेले.

साडेबाराला बुवा उठले. तोंडावर पाणी मारलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले.

"फार वेळ थांबलात?"

"वीस मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घोरत होता."

"घोरतो मी."

"लोक तर सांगतात, तुम्ही अडतीस वर्षं झोपला नाहीत."

"वीणा झोपली नाही. लोकांना नीट ऐकायला वेळ कुठं असतो."

डॉक्टरांनी पिशवीतून थर्मास काढला. झाकणात काळा चहा ओतला, खिशातून एक गोळी काढून तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला. हे सगळं त्यांनी बुवांकडे बघतच केलं.

"मला झोप जिंकायची विद्या पाहिजे, बुवा."

"किती जिंकली आजवर?"

"सत्तर तास. मागच्या आठवड्यात, सलग. एकवीस बाळंतपणं, त्यात आठ सिझर. जिल्ह्यात कुणी करत नाही एवढं."

"मोठं काम आहे."

"आहेच. सत्कार झाला माझा. पालकमंत्र्यांच्या हातून."

"मग जिंकलेलं परत कशाला जिंकायचं?"

डॉक्टरांनी झाकण खाली ठेवलं.

"लोक म्हणतात, मी झोपलो होतो..."

बुवा त्यांच्याकडे वळले.

"मंगळवारी एक बाळंतीण गेली," डॉक्टर म्हणाले. "सिझर मीच केलं होतं. चांगलं झालं होतं. दुपारी रक्तस्राव सुरू झाला. सिस्टर म्हणते, तिनं सव्वातीनला मला सांगितलं. केसपेपरवर तसं लिहिलंय तिनं. डॉक्टरांना कळवले, येतो म्हणाले. मला कुणी काही सांगितलेलं नाही."

"तुम्ही कुठं होता?"

"शेजारच्या खोलीत, खुर्चीवर. जागा होतो. डोळे उघडे होते. समोर भिंतीवर घड्याळ आहे, ते मला दिसत होतं."

"किती वाजले होते त्यात?"

"तीन."

"मग?"

"मग... चाराला दहा कमी."

चांगुणाबाई आमच्या समोरून गेल्या. वीणेचा आवाज लांब गेला आणि परत आला.

डॉक्टरांनी मान झटकली.

"साळवे सिस्टर. सतरा वर्षांची नोकरी आहे तिची. त्या दिवशी दुसरी ड्यूटी सलग करत होती. तिलाच डुलकी लागली असणार. नंतर घाबरून लिहून टाकलं."

"असं तुम्हाला वाटतं."

"असंच आहे. आज तीन वाजता चौकशी समिती बसतेय. जबाब लिहून आणलाय." त्यांनी शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटली. "सही करून दिला की झालं."

"सिस्टरचं काय होईल?"

"निलंबन. पुढे नोकरीही जाईल कदाचित. मी काय करू? मी खोटं लिहू का?"

"नका लिहू."

"तेच म्हणतोय मी. पण पुन्हा कुणाला असं म्हणायला जागा नको. मी झोपतच नाही म्हटल्यावर कोण काय म्हणेल? म्हणून आलो."

बुवांनी विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?"

"सहा नंबरच्या बेडवर होती."

"नाव विचारलं मी."

"इतक्या असतात हो, बुवा..."

"मूल?"

"मूल आहे. मुलगी. बरी आहे."

डॉक्टर ओट्यावर टेकले होते, पण पाठ लावत नव्हते. दर थोड्या वेळानं ते मांडीला जोरात चिमटा काढत होते. आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात नसावं.

"विद्या आहे की नाही तुमच्याकडे?" त्यांनी एकदम विचारलं.

"आहे. गळ्यात घालावी लागते."

डॉक्टरांनी वीणेकडे पाहिलं. मग माझ्या फळ्याकडे पाहिलं.

"एक वाजता कुणाचं नाव नाही तुमच्या फळ्यावर."

"नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"येतं कुणीतरी," बुवा म्हणाले. "उशिरा आलं तर चांगुणाबाई थांबतात. त्याहून उशीर झाला तर घंटा वाजवतो."

"मी उभा राहतो."

"तुम्हाला तीनला पोचायचंय."

"सव्वादोनला निघेन. तोवर दुसरं कुणी येईल. सत्तर तास उभा राहिलोय, बुवा. हे लाकूड गळ्यात घालून तासभर चालायला मला काय होतंय?"

बुवा उठले. एक वाजायला दोन मिनिटं होती.

चांगुणाबाई थांबल्या. डॉक्टरांनी पायातले बूट काढले, हात धुतले आणि वीणेला हात लावला. तेव्हाच त्यांना भोपळ्यावरचा सांधा दिसला. तडा गेलेला, मेणानं भरून वर पितळेची पट्टी ठोकलेली.

"हे काय झालं?"

"पडली होती," बुवा म्हणाले.

"कुणाच्या हातून?"

"माझ्या. पाच दिवस मी एकटाच उभा होतो. पुढचा माणूस आला तरी देत नव्हतो. लोक लांबून पाया पडायला यायचे. मी जागा आहे म्हणून."

"कधी?"

"अडतीस वर्षं झाली."

"म्हणजे त्याच्या आधी...?"

"त्याच्या आधी एकावन्न वर्षं चालली होती. ती मोजत नाही आता कुणी."

डॉक्टरांनी पट्टा गळ्यात घातला.

"माझ्या हातून पडणार नाही," म्हणाले.

चांगुणाबाईंनी हात काढला, वाकून वीणेला नमस्कार केला आणि मोकळ्या झाल्या. दोन तासांनी त्यांना बोलायला मिळालं होतं.

"डॉक्टर, आरशात बघितलं का सकाळी? आमची शेळी मेली तेव्हा तिचे डोळे याच्यापेक्षा बरे दिसत होते."

"मावशी, मी नाम घेतोय," डॉक्टर म्हणाले.

"घ्या घ्या. मी आपलं सांगितलं."

त्या खांबाला टेकून बसल्या. लगेच गेल्या नाहीत. त्यांना काहीतरी दिसलं असावं.

डॉक्टर चालू लागले. पहिल्या फेऱ्या जोरात मारल्या. आवाज खणखणीत होता. रामकृष्णहरी. रामकृष्णहरी. मी रोजच्या सवयीनं पहाऱ्याच्या वहीत वेळ आणि जे घडेल ते लिहीत होतो. एक पाच. एक दहा. एक बाराला बुवा उठून त्यांच्या पुढे उलटे चालू लागले, तोंड डॉक्टरांकडे करून. ऐंशीच्या वर वय आहे त्यांचं. एक तळवा त्यांनी भोपळ्याच्या खाली धरला होता, चार बोटं अंतर ठेवून. डॉक्टरांनी तो पाहिला नाही.

एक सतराला डॉक्टर थांबले. उभेच होते. डोळे उघडे. बोट तारेवर होतं, तार वाजत होती. ओठ हलत होते.

मग तार थांबली.

"डॉक्टर," बुवा म्हणाले.

"हं."

"मी वीणा खाली ठेवतोय."

"हो. ठेवा. येतो मी."

आवाज स्वच्छ होता. रोज शंभर वेळा बोलणाऱ्या माणसाचा.

चांगुणाबाईंनी पदर तोंडावर धरला.

"किती वेळात?" बुवांनी विचारलं.

"पाच मिनिटांत. तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

"बाईला फार होतंय."

"बीपी घ्या... मी आलोच."

त्यानंतर वीणेचं सगळं वजन बुवांच्या तळव्यावर आलं. मी उठणार होतो, त्यांनी मान हलवून मला बसवलं.

असे ते दोघं उभे होते. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. कुणाच्या तरी घरात मिक्सर सुरू झाला आणि थांबला. डॉक्टरांच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडत नव्हते. पापणी मिटत नाही तेव्हा वाहतं तसं ते पाणी होतं.

एक अठ्ठावीसला डेअरीवरचे साहेबराव चपला काढून आत आले. हाताला दुधाचा वास होता, हात त्यांनी नळावर धुतले.

"रेघ कोरी दिसली," म्हणाले. "जाता जाता वाचली. एक म्हैस दाखवायला चाललो होतो, पण ती काय, उद्या दाखवू."

त्यांनी वीणेवर हात ठेवला. बुवांनी पट्टा डॉक्टरांच्या डोक्यावरून काढला. साहेबरावांनी तो गळ्यात घातला आणि नाम सुरू केलं.

पट्टा निघाला तेव्हा डॉक्टर दचकले.

"मी धरलीय," म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात तसेच होते. एक वर, एक छातीशी. मध्ये काही नव्हतं.

त्यांनी हातांकडे पाहिलं. मग साहेबरावांकडे.

"ह्यांनी कधी घेतली?"

"आत्ता."

"मला सांगायचं ना. मी जागा होतो."

बुवा माझ्याकडे वळले. "वाच."

मी वही उघडली.

"एक एकोणीस. बुवा म्हणाले, मी वीणा खाली ठेवतोय. डॉक्टर म्हणाले, हो, ठेवा, येतो मी. बुवांनी विचारलं, किती वेळात. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांत, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

"मी असं बोललो नाही."

मी वही त्यांच्यापुढे धरली.

"हे तुम्ही मागाहून लिहिलंय," डॉक्टर म्हणाले.

मी एक एकोणीसवर बोट ठेवलं.

"मागाहून लिहिलंय हे."

चांगुणाबाई खांबापाशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी पण ऐकलं, डॉक्टर. बीपी घ्या म्हणालात."

डॉक्टर खाली बसले. ओट्याची कड त्यांच्या पाठीला लागली, पण त्यांना ते जाणवलं नाही.

साहेबरावांच्या किती फेऱ्या झाल्या ते मी लिहिलं नाही.

"जयश्री," डॉक्टर म्हणाले.

बुवा त्यांच्याजवळ येऊन बसले.

"जयश्री तुपे. चोवीस वर्षांची. टेबलावर झोपवलं तेव्हा मला म्हणाली, डॉक्टर, तुम्ही जेवलात का..."



थोड्या वेळानं त्यांनी खिशातून कागद काढला. घडी उलगडली. माझ्याकडे पेन मागितलं, मी दिलं. दोन ओळींवर काट मारली. काट वाकडी आली. मग खाली काही लिहू लागले. फार वेळ लागला. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. कागदाची घडी पुन्हा खिशात गेली तेव्हा काटलेल्या ओळीतलं साळवे सिस्टरचं नाव मात्र वरून दिसलं.

चांगुणाबाईंनी पाणी आणून दिलं. "डेअरीची जीप चाललीय दोनला. तीत बसून जा. गाडी इथंच राहू द्या तुमची."

डॉक्टरांनी मान हलवली. वाद घातला नाही.

मग बुवांना म्हणाले, "जबाब दिला म्हणून काय होणार? संध्याकाळी परत मीच आहे. आजच्या दोन बायका सिझरसाठी लावलेल्या आहेत. तुमच्या इथं रेघ कोरी दिसली की साहेबराव येतात. तिथं कुणी येत नाही. दोन डॉक्टरांच्या जागा तीन वर्षं रिकाम्या आहेत."

"तिथं फळा असतो?"

"तक्ता असतो. वॉर्डाच्या दारावर."

"तिथं रेघ कोरी आहे का?"

डॉक्टरांनी फळ्याकडे पाहिलं.

"नाही," म्हणाले. "माझं नाव आहे. तिन्ही पाळ्यांना."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"लिहिलं कुणी?"

"... मीच."

बुवा उठले. फळ्यापाशी गेले. खुंटीवरचं ओलं फडकं घेतलं, ते आणून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटली.

डॉक्टर त्या फडक्याकडे बघत राहिले. त्याचं पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत जात होतं.

बाहेर जीपनं हॉर्न दिला.

"आणि मी नाव पुसलं..." डॉक्टर म्हणाले. "मी पुसलं आणि एखादी अडलेली बाई आली तर?"

बुवा कमानीकडे बघत होते. तिथं आरशाच्या काचा अजून तशाच पडलेल्या होत्या.

"तिला दार बंद दिसेल," बुवा म्हणाले. "जयश्रीला उघडं दिसलं होतं. आत जागं कुणी नव्हतं."